गुन्हा कोणाचा?

गुन्ह्याची कादंबरी म्हटली की मराठी वाचकाला बाबूराव अर्नाळकर आठवतात आणि हिंदी मुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना सुरेंद्र मोहन पाठक. गुन्हा कोणी केला हे शेवटच्या पानावर कळते व पुस्तक मिटते. भोपाळच्या अरेरा कॉलनीतील काय किंवा सीमाभागातील काय, ज्या मराठी घरांत अशा कथांची गोडी आहे, तेथे याच गोडीचा धागा धरून एक निराळे पुस्तक जावे असे मनापासून वाटते : अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९).

वारणेच्या परिसरातील वाटेगाव हे लेखकाचे जन्मगाव. कथेतले गावही तेच. इंग्रजी अमलात दुष्काळ पडतो, मांगवाड्यात माणसे भुकेने मरू लागतात. गावचे विष्णुपंत कुलकर्णीच त्यांना, काहीही करून जगा, असे सांगतात. फकिरा धान्य लुटतो, पुढे सरकारी खजिना. कायद्याने हा दरोडाच! गुन्हेगार प्रथमपासून ठाऊक असूनही पुस्तक खाली ठेववत नाही, कारण मूळ गुन्हा कोणाचा, याचा निवाडा लेखक वाचकावर सोपवतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणूस चोर ठरत असे. त्या कायद्यातील हजेरीचा फास येथे कसा आवळत जातो, ते मुळातूनच वाचावे. १९५२ मध्ये तो कायदा गेला. कपाळावरचा शिक्का इतक्या सहज गेला नाही.

मध्य प्रदेशातील वाचकाला हा पेच परका नाही. चंबळच्या खोऱ्यात पोलीस ज्याला 'डाकू' म्हणत, तो स्वतःला 'बागी' म्हणवी. १९७२ साली जौरा येथे जयप्रकाशजींपुढे मोहरसिंग, माधोसिंग यांनी शस्त्रे ठेवली, तेव्हाही दोन्ही शब्द ऐकू येत होते. अर्थात तेथील प्रत्येक बागी फकिरा नव्हता, हेही मुलांना सांगावे.

कादंबरीत उणिवा आहेत. नायक फारच निष्कलंक, खलपुरुष एकरंगी. तरीही ओघ असा की उणिवा मागाहूनच आठवतात. १९६१ मध्ये राज्य शासनाच्या पुरस्काराने तिचा गौरव झाला, तो यथार्थच होता.

बोलीभाषा मुलांना प्रथम अडेल. आजी-आजोबांनी रोज चार पाने मोठ्याने वाचावीत. रहस्याच्या ओढीने आलेले मूल मराठीत रमले, तर दिवाळीची याहून चांगली भेट कोणती?