आतड्याचे प्रश्न : एका पुस्तकाच्या निमित्ताने

पचनसंस्थेचा धडा शिकवून झाला की मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात, नाव न घालता एकेक प्रश्न लिहायला सांगावे आणि चिठ्ठ्या गोळा कराव्यात. हा उद्योग आम्ही काही शाळांमधून करून पाहिला आहे. तोंडी विचारले की मुले जठररसात कोणते आम्ल असते वगैरे परीक्षेतलेच प्रश्न विचारतात. चिठ्ठ्यांमधून मात्र वेगळेच काही निघते. पोटात गुडगुड का होते? मक्याचे दाणे तसेच्या तसे बाहेर का पडतात? शी तपकिरीच का असते? आणि एका शाळेत वहीच्या फाडलेल्या कोपऱ्यावर बारीक अक्षरात लिहिलेले होते, "खूप लागली आणि दाबून धरली तर ती कुठे जाते?"

हा प्रश्न मुलाचा की मुलीचा, ते कळायला मार्ग नव्हता. पण त्याचे उत्तर धड्यात नाही, हे नक्की. पचनसंस्थेची आकृती आपण सर्वांनी काढली आहे. तोंड, ग्रासनलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे, गुदद्वार. प्रत्येकाला एक रेघ आणि रेघेपुढे नाव. शेवटी, न पचलेला भाग गुदद्वारावाटे बाहेर टाकला जातो, अशा अर्थाचे एक वाक्य. 'टाकला जातो' म्हणजे कोण टाकतो? केव्हा टाकतो? टाकायची सोय नसली तर काय होते? कर्ता नसलेल्या या वाक्याआड शरीराची एक विलक्षण व्यवस्था लपून राहते.

म्हणूनच जूलिया एंडर्स या जर्मन लेखिकेचे आतड्यावरचे पुस्तक आम्ही उत्सुकतेने वाचले. ते २०१४ साली प्रसिद्ध झाले तेव्हा लेखिका वैद्यकाची विद्यार्थिनी होती आणि तिने पंचविशीही ओलांडलेली नव्हती. मूळ नाव 'डार्म मिट शार्म'. जर्मन भाषेत डार्म म्हणजे आतडे आणि शार्म म्हणजे लोभसपणा. आतड्याशी लोभसपणाचे यमक जुळवणारे हे पुस्तक जर्मनीत दहा लाखांहून अधिक प्रतींनी खपले. त्यातली चित्रे लेखिकेची बहीण जिल एंडर्स हिची आहेत. डेव्हिड शॉ यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१५ साली आला; आम्ही वाचला तो हाच.

पुस्तकाची सुरुवात स्वयंपाकघरात होते. लेखिकेबरोबर राहणारा मित्र एक दिवस तिला विचारतो, तू डॉक्टरकी शिकतेस ना, मग सांग, शी होते कशी? तिला सांगता येत नाही. ती पुस्तके धुंडाळते आणि आपल्याला क्षुल्लक वाटलेली ही क्रिया किती गुंतागुंतीची आहे, ते पाहून थक्क होते. आमच्या मते पुस्तकाचे सारे यश या सुरुवातीत आहे. लाजेने दडपलेला प्रश्न हा विज्ञानाचाही चांगला प्रश्न असू शकतो, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

मित्राच्या प्रश्नाचे उत्तर असे. आतड्याच्या शेवटी एकामागे एक असे दोन परिसंकोची स्नायू, म्हणजे नळीचे तोंड आवळून धरणारी दोन कडी असतात. बाहेरचे कडे आपल्या इच्छेप्रमाणे चालते. आतले कडे आपले मुळीच ऐकत नाही. मलाशयात मळ उतरून त्याची भिंत ताणली गेली, की आतले कडे आपोआप सैल होते आणि थोडासा नमुना पुढे सोडते. दोन कड्यांच्या मधल्या जागेतले अस्तर अतिशय संवेदनशील असते. आलेला माल घन आहे, पातळ आहे की नुसता वायू आहे, हे त्याला कळते. ही बातमी मेंदूला पोचते आणि मग आपण ठरवतो : आता, की नंतर? चारचौघांत बसलेला माणूस कसलाही विचार न करता हा निर्णय दिवसातून अनेकदा घेत असतो. लेखिका हे फार चांगले सांगते. आतल्या कड्याला बाहेरच्या जगाची पर्वा नाही आणि बाहेरच्या कड्याला मात्र लोकलज्जा सांभाळायची असते, हा तिचा विनोद मुलांनाही कळेल असा आहे.

येथपर्यंत आले की चिठ्ठीतल्या प्रश्नाचेही उत्तर देता येते. दाबून धरली की ती 'कुठे' जात नाही. बाहेरचे कडे आवळले जाते, मलाशय थोडे सैलावते, मळ काहीसा मागे सरकतो आणि कळ ओसरते. पण पाणी शोषून घेण्याचे आतड्याचे काम थांबत नाही. मळ कोरडा आणि घट्ट होत जातो. पुढच्या वेळी त्रास होतो. त्रासाच्या भीतीने मूल पुन्हा दाबून धरते आणि मळ आणखी घट्ट होतो. हे महिनोन्महिने चालले तर मलाशय ताणलेलेच राहते आणि भरल्याची जाणीव बोथट होते. मग साचलेल्या घट्ट मळाच्या कडेने पातळ मळ नकळत पाझरतो आणि कपडे खराब होतात. बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. घरात आणि शाळेत मात्र त्याला 'घाणेरडी सवय' म्हणतात आणि मूल मार खाते.

एवढे श्रेय देऊन आता पुस्तकाच्या उणिवांकडे वळू. विज्ञान शिकवणाऱ्याला त्या माहीत असल्याच पाहिजेत, कारण पुस्तक इतके गोड आहे की वाचताना शंका घ्यायचे भानच राहत नाही.

पहिली बाब उकिडवे बसण्याची. मलाशयाच्या मागून वळसा घालून त्याला पुढे ओढून धरणारा एक स्नायू असतो. त्यामुळे तेथे सायकलच्या ट्यूबला दुमड पडावी तशी दुमड पडते. उकिडवे बसले की ती बरीचशी सरळ होते. डोव्ह सिकिरोव्ह या इस्रायली डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २८ निरोगी माणसे होती. नेहमीच्या उंचीच्या कमोडवर त्यांना सरासरी १३० सेकंद लागले, तर उकिडवे बसून ५१ सेकंद. येथपर्यंत ठीक. पण पुढे लेखिका म्हणते की जगातल्या उकिडवे बसणाऱ्या १.२ अब्ज लोकांना मोठ्या आतड्याच्या भिंतीत पिशव्या फुगण्याचा विकार जवळजवळ होत नाही आणि मूळव्याधही कमी होते. आम्हा उकिडवे बसणाऱ्यांना हे वाचून अभिमान वाटायला हरकत नव्हती. पण सुश्रुतसंहितेत अर्शाचे, म्हणजे मूळव्याधीचे, सविस्तर वर्णन आहे, आणि ती लिहिली गेली तेव्हा या देशात कमोड नव्हते. शिवाय उकिडवे बसणारे लोक बहुधा चोथायुक्त भाकरी, डाळी आणि भाज्याही खातात. आतड्यातल्या त्या पिशव्यांचे कारण बसण्यात नसून चोथ्याच्या अभावात आहे, असे पेंटर आणि बर्किट या डॉक्टरांनी १९७१ सालीच मांडले होते. दोन गोष्टी जोडीने आढळल्या की त्यांपैकी कारण कोणते, हे नुसत्या गणतीवरून ठरत नाही. वेळेची बचत २८ माणसांत मोजली गेली. रोग टळणे त्यात मोजलेलेच नव्हते.

दुसरी बाब उंदरांची. आतडे आणि मेंदू यांच्यातल्या संवादावरचे प्रकरण सर्वांत रंजक आहे. आयर्लंडमधील जॉन क्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विशिष्ट जातीचे जीवाणू उंदरांना खाऊ घातले. पाण्यात सोडल्यावर हे उंदीर इतरांपेक्षा जास्त वेळ धडपडत राहिले, लवकर हताश झाले नाहीत. आतडे आणि मेंदू यांना जोडणारी मोठी चेता कापली की हा परिणाम नाहीसा झाला. २०११ सालचा हा प्रयोग खरोखरच देखणा आहे. परंतु तेच जीवाणू पुढे २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्या ताणावर किंवा आकलनावर काहीही फरक दिसला नाही. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले आणि ते प्रसिद्ध करणाऱ्यांत क्रायन स्वतः होते. २०१४ सालच्या पुस्तकात हे असणे शक्य नव्हते, हे आम्हाला मान्य आहे. पण उंदराकडून माणसाकडे जाताना 'कदाचित' हा शब्द जितक्या ठळकपणे यायला हवा होता, तितका तो आलेला नाही. दुकानांत दह्यासारख्या पेयांच्या बाटल्या मनःशांतीचे आश्वासन देत उभ्या असतात, त्या याच फटीतून आत शिरतात.

तिसरी बाब आकड्यांची. आपल्या आतड्यात शंभर लाख कोटी जीवाणू असतात आणि त्यांचे वजन दोन किलोपर्यंत भरते, असे पुस्तक सांगते. त्या काळी सर्वत्र हेच आकडे प्रचलित होते. २०१६ साली सेंडर, फुक्स आणि मायलो यांनी हिशेब नव्याने मांडला. सुमारे सत्तर किलोच्या माणसात जीवाणू सुमारे ३८ लाख कोटी, माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी आणि जीवाणूंचे एकूण वजन सुमारे २०० ग्रॅम! आपल्या प्रत्येक पेशीमागे दहा जीवाणू, हे जे वाक्य आपण भाषणांतून टाळ्या घेत सांगत होतो, ते एका जुन्या अंदाजाची नक्कल होते. आतड्याच्या आतल्या पृष्ठभागाचेही तसेच. तो टेनिसच्या मैदानाएवढा असतो, असे आपण शिकलो आणि शिकवले. हेलँडर आणि फँड्रिक्स या स्वीडिश संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत तो सुमारे ३२ चौरस मीटर भरला. म्हणजे आठ मीटर लांब आणि चार मीटर रुंद अशा वर्गखोलीच्या फरशीएवढा. हेही काही कमी नाही, आणि वर्गात टेपने मोजून दाखवता येते. आतडे तेच राहिले, मोजणी सुधारली. 'आतापर्यंत चुकीचे शिकवले' म्हणून ओशाळण्याऐवजी हा बदलच वर्गात सांगावा.

या तिन्ही उणिवांचे मूळ एकच आहे. पुस्तक 'काय' ते हसतखेळत सांगते. 'कशावरून' ते सांगताना मात्र घाई करते. ही भर शिक्षकाने घालायची आहे. उदाहरणार्थ, आतड्याला स्वतःची चेतासंस्था असते, या विधानापाशी थांबून १८९९ सालची गोष्ट सांगता येईल. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या सर्व चेता तोडल्या. तरीही आत काही सरकवले की त्याच्या मागची बाजू आवळे आणि पुढची सैल पडे. आतड्याला हे काम मेंदूकडून विचारून घ्यावे लागत नाही, हे त्यावरून कळले. मग तेलाचा हात लावलेला लिंबू जुन्या पायमोज्यात घालावा आणि मुलांना तो मागून आवळत पुढे सरकवायला लावावा. क्रमसंकोच ही संज्ञा मग पाठ करावी लागत नाही.

शेवटची बाब पुस्तकात नाही आणि ती असण्याची अपेक्षाही नाही, कारण ते जर्मन वाचकासाठी लिहिलेले आहे. 'योग्य पद्धतीने बसता ना?' असे विचारताना लेखिकेने बसायला जागा आहे, दाराला कडी आहे आणि नळाला पाणी आहे, हे गृहीत धरले आहे. आपल्याला ते धरता येत नाही. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांची अट आहे. तरी कुलूप घातलेली, कडी मोडलेली, बादली नसलेली स्वच्छतागृहे आम्ही शाळाशाळांतून पाहिली आहेत. जावे लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या मुलीही पाहिल्या आहेत. 'संतुलित आहार' हा धडा त्यांना आपण त्याच दिवशी शिकवत असतो.

आणि आणखी एक. जेवण जठरात पोचले की मोठ्या आतड्याच्या हालचालींना जोर चढतो. ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे. म्हणजे डबा खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, मधली सुट्टी संपून तास सुरू झाल्यावर कळ येणे हे अगदी शास्त्रशुद्ध आहे! नेमक्या त्याच वेळी मूल बोट वर करते आणि आपण म्हणतो, "सुट्टीत काय करत होतास?" खरे उत्तर असते, "जेवत होतो, बाई." पण ते कोणी देत नाही.

एंडर्स यांचे पुस्तक शिक्षकांनी जरूर वाचावे. आकडे तपासून घ्यावेत, उंदरांच्या गोष्टी उंदरांच्याच म्हणून सांगाव्यात. पण त्यातला मोकळेपणा तसाच्या तसा उचलावा. आपल्याकडे लहानपणी 'शी', घरात 'संडास', पुस्तकात 'मलविसर्जन' आणि चारचौघांत नुसते बोट. वयाबरोबर शब्द बदलत जातात आणि शेवटी शब्दच उरत नाही. ज्याला शब्द नाही, त्याचा प्रश्न विचारता येत नाही.

चिठ्ठीच्या त्या मालकाला आम्ही वर्गात उत्तर दिले. आतडे कसे चालते ते फळ्यावर काढून दाखवले आणि शेवटी सांगितले, लागली की जायचे. मुले हसली. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, आणि बाईंनी नाही म्हटले तर?" त्याचे उत्तर फळ्यावर काढता येण्यासारखे नव्हते. ते वाचकांनी आपापल्या वर्गात द्यायचे आहे.