सूचना कोणासाठी लिहिली जाते?

कविता आणि आत्मकथने यांच्यापुरतीच आपली समीक्षा का थांबावी? ज्या मजकुरावर आपल्या माणसाचे जगणे-मरणे अवलंबून असते, त्याचीही चिकित्सा व्हायला हवी. या भूमिकेतून मी गटारसफाईच्या सुरक्षेचे नियम वाचले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धचा केंद्रीय कायदा २०१३ चा. त्याखालील नियमही त्याच वर्षीचे. दोन्ही इंटरनेटवर आहेत. ‘माहिती उपलब्ध आहे’ एवढे म्हणायला प्रशासन मोकळे!

मालकाने कोणती साधने पुरवावीत, याची लांबलचक यादी नियमांत आहे. ती लावली आहे इंग्रजी वर्णक्रमाने. त्यामुळे कातडीला लावायचे मलम आणि श्वसनयंत्र एकाच तोलाचे ठरतात. चार वायू मोजणारे यंत्र मध्येच कुठेतरी, आणि पुढे रेनकोट. यांपैकी काय नसेल तर झाकणाच्या आत पाऊलच टाकायचे नाही, हे यादी सांगत नाही. यादीत ‘पॉकेट बुक’ही आहे, त्यात काय लिहिलेले असावे, कोणत्या भाषेत, याविषयी ती गप्प आहे. हा मजकूर तपासणी अधिकाऱ्यासाठी लिहिला आहे. उतरणारा त्याचा वाचकच नाही.

त्याला आधी काय कळायला हवे? हायड्रोजन सल्फाईडला सडक्या अंड्यांचा वास असतो. पण वायू वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. म्हणजे ‘आता वास येत नाही’ याचा अर्थ धोका टळला असा नव्हे. दुसरे, आत कोसळलेल्याला काढायला जो तसाच उतरतो, तोही जातो. तिसरे, साधनांशिवाय उतरवणे हा उतरवणाऱ्याचा गुन्हा आहे. ही तीन वाक्ये साध्या बोलीत यादीच्या आधी हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला १० लाख आणि २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरवली. हा आकडा वर्तमानपत्रांतून वस्तीत पोचतो. वायूची गोष्ट पोचत नाही.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, सूचना सुधारा म्हणणे म्हणजे हे काम मान्य करणे. माणूस उतरताच कामा नये, यंत्रच हवे, ही मागणी मलाही सोडायची नाही. पण उद्या सकाळी ठेकेदार ज्याला उतरवणार आहे, त्याला आपण काय सांगणार?

आणि ‘कामगार अडाणी, त्याला लिहून काय उपयोग?’ हा युक्तिवाद तर जुनाच आहे. बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढला, तेव्हा आपल्या समाजात अक्षर ओळखणारे किती होते? समाज साक्षर होईपर्यंत ते थांबले नाहीत.

माझ्या वर्गात सफाई कामगारांची मुले बसतात. मराठी-हिंदीत, आपल्या बापाच्या तोंडच्या शब्दांत ही तीन वाक्ये ती मोबाइलवर बोलू शकतात; ध्वनिफीत हजेरीच्या चौकीत आणि घराघरांत पोचवू शकतात. घरातल्या बाईने ती आधी ऐकावी. कामावर जाऊ नको, असे म्हणण्याची पाळी तिच्यावरच येते.