चित्रकथेचे संग्रहालय : भिंत, चौकट आणि आवाज

चित्रकथेला संग्रहालयात जागा मिळाली की तिला कलेचा दर्जा मिळाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु संग्रहालय चित्रकथेतील नेमके काय जतन करते, हा प्रश्न या समाधानामुळे मागे पडतो. मॉर्ट वॉकर या व्यंगचित्रकाराने १९७४ मध्ये अमेरिकेत ग्रीनिच येथे अशा प्रकारचे एक आरंभीचे संग्रहालय उघडले. छपाई झाल्यावर मूळ रेखाटने निरुपयोगी ठरत, आणि ती वाचवणे हा त्याचा हेतू होता. ते संग्रहालय अनेकदा स्थलांतरित झाले, २००२ मध्ये बोका रॅटन येथे बंद पडले, आणि पुढे त्याचा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला. या इतिहासातील आर्थिक अडचणींपेक्षा त्यामागील गृहीतक अधिक महत्त्वाचे आहे. येथे 'मूळ कृती' म्हणजे चित्रकाराच्या हातचा कागद. वाचकाच्या हाती आलेला, पाने उलटून वाचलेला अंक हा तिचा केवळ प्रतिध्वनी.

चित्रकथेच्या रूपाशी हे गृहीतक विसंगत आहे. चित्रकथेचा अर्थ एका चौकटीत नसतो. दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत वाचक जे घडवतो, त्यात तो असतो. पान भिंतीवर टांगताच पुढचे पान नाहीसे होते आणि कथन चित्रात गोठते. पुण्यात बालेवाडी येथे २०२२ मध्ये उद्घाटन झालेले आर. के. लक्ष्मण यांचे कलादालन-संग्रहालय या अडचणीतून बऱ्याच अंशी सुटते, कारण त्यांचे दैनिक व्यंगचित्र एका चौकटीतच पूर्ण होते. १९६४ मध्ये सुरू झालेले 'इंद्रजाल' किंवा १९६७ पासूनची 'अमर चित्र कथा' यांच्याबाबत ही सवलत नाही. त्यांची एकके पान आणि अंक ही आहेत.

मराठी प्रदेशात हा पेच छापील चित्रकथेहूनही जुना आहे. चित्रकथी परंपरेतील चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली, पोथीच्या क्रमाने ठेवलेली असत. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरी आणि गात-बोलत कथा पुढे नेई. संग्राहकांच्या हाती आल्यावर हीच चित्रे 'पैठण शैली' या नावाने ओळखली जाऊ लागली. नाव स्थळाचे, वर्गीकरण शैलीचे. कथनाचा त्यात निर्देशही नाही. दिनकर केळकर यांच्या पुण्यातील संग्रहालयातही अशी चित्रे आहेत. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या संग्राहकाच्या संग्रहातही ती मूकच राहावीत, हा दोष व्यक्तीचा नसून संग्रहालय या संस्थेच्या व्याकरणाचा आहे. याउलट सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याच्या जागी उभारलेल्या 'ठाकर आदिवासी कला आंगण' या संग्रहालयात चित्र आणि ते सांगणारा गळा एकाच अंगणात नांदतात. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या प्रयोगाचे सैद्धांतिक मोल अद्याप समीक्षेने घेतलेले नाही.

या प्रश्नाचा नागपुराशी असलेला संबंध अधिक मूलगामी आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेले येथील मध्यवर्ती संग्रहालय लोकांनी 'अजब बंगला' म्हणून स्वीकारले. मध्य प्रांतातील वस्तू येथे वस्तू म्हणून जमा झाल्या. स्टीफन हिस्लॉप यांनी नोंदवलेले गोंडांचे लिंगो-गीत मात्र रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापलेल्या ग्रंथात गेले. वस्तू कपाटात आणि गाणे पुस्तकात, अशी ही वाटणी झाली. जे परधान गोंडांच्या कथा बाण्याच्या साथीने गात, त्यांच्या परंपरेत शब्द आणि दृश्य यांची अशी फारकत नव्हती.

ही वाटणी मोडणारी कृती २०११ मध्ये आली. 'भीमायन' या चित्रग्रंथात दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी आंबेडकरांचे जीवन चितारले. पाणी आणि निवारा नाकारला जाणे व प्रवासातील अवहेलना हा त्याचा विषय आहे. या चित्रकारांनी रूढ चौकटी नाकारल्या. माणसांना पेटीत कोंडायचे नाही, ही त्यामागील भूमिका होती. चौकटीऐवजी भिंती-अंगणावरील दिग्ना अलंकरणाच्या वळणदार रेषा पान विभागतात. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, तर विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी फुटते. येथे आवाज दृश्य होतो. गाणाऱ्यांच्या वंशजांनी गाणे रेषेत परत आणले आहे. अस्पृश्यतेने आखलेल्या चौकटीचा अनुभव सांगताना रूपाची चौकट नाकारणे, हा आशय आणि अभिव्यक्ती यांच्या एकात्मतेचा दुर्मिळ नमुना होय.

१९५६ च्या धर्मांतराची भूमी असलेल्या नागपुरात चित्रकथेचे संग्रहालय कल्पायचे झाल्यास 'भीमायन' हा त्याचा निकष ठरतो. त्याची पाने सुटी करून काचेआड लावली, तर ज्या पेट्या चित्रकारांनी नाकारल्या त्याच संग्रहालय पुन्हा आखेल. म्हणून अशा संस्थेत दालनापेक्षा वाचनकक्ष मोठा असावा लागेल, आणि सांगणाऱ्याला बसायला अंगणही. चित्रकथेचे जतन म्हणजे तिच्या वाचनाच्या शक्यतेचे जतन. ती शक्यता हरवली, तर उरते ती फक्त अजब वस्तू.