काळ्या तळ्याकाठची तुव्स्तार

आता पडद्यावरचं हे चित्र जरा निवांत बघा. जॉन बावर या स्वीडिश चित्रकाराने १९१३ साली मुलांच्या नाताळ वार्षिकासाठी हे जलरंगात केलं. गोष्ट हेल्गे शेलीन यांची. राजकन्या तुव्स्तार स्कुट नावाच्या मूसच्या पाठीवर बसून जग बघायला निघते. वाटेत मुकुट जातो, मग अंगावरचा झगा जातो, शेवटी गळ्यातलं सोन्याचं हृदय या तळ्यात पडतं. ती काठावर बसते आणि पाण्यात बघत राहते.

हे चित्र दाखवलं की हमखास कोणीतरी म्हणतं, काळं पाणी म्हणजे मृत्यू. पुरावाही तयार असतो: बावर, त्याची बायको आणि लहानगा मुलगा १९१८ साली वेट्टर्न सरोवरात बोट बुडून गेले. अहो, पण चित्र पाच वर्षं आधीचं आहे! पुढचा अपघात मागच्या चित्रात शोधणं म्हणजे पत्रिका बघणं झालं, चित्र बघणं नव्हे.

मग मला इथे काय दिसतं? भीती तर नाहीच. बावर प्रसिद्ध आहे तो त्याच्या ट्रोल राक्षसांसाठी. अवाढव्य नाकाचा राक्षस आणि शेजारी इवलीशी राजकन्या. तिथे संकटाला चेहरा असतो. इथे कोणीच नाही. नुसते झाडांचे काळपट खोड, सरळ उभे. त्यांचे शेंडेसुद्धा चौकटीत मावत नाहीत. या उभ्या रेघांत वाकलेली अशी एकच आकृती, तिची. उजेडही बाहेरून येत नाही, तिच्या फिकट अंगाचाच काय तो उजेड. म्हणून मला हे दुःखाचंही चित्र वाटत नाही. थांबून राहण्याचं वाटतं. रडणारं माणूस निदान हलतं तरी.

तिचं नावही ऐका. तुव्स्तार म्हणजे पाणथळ जागी झुबक्याने उगवणारं एक गवत, आपल्याकडच्या लव्हाळ्याच्या कुळातलं. लव्हाळं म्हटलं की आपल्याला तुकोबा आठवतात. पुरात वाकतं, म्हणून वाचतं. ही मात्र वाकली ती तशीच राहिली. हळूहळू काठावरचं गवतच होत चालली आहे जणू.

आणि ते सोन्याचं हृदय? बावरने ते रंगवलेलंच नाही. आत्ता तुम्ही सगळे पुढे झुकून त्या पाण्यात बघताय ना, मला इथून दिसतंय.