उंच बैठक, रुंद काच : रेंज रोव्हरच्या पाच पिढ्या

काही वस्तूंचे सौंदर्य त्यांच्याकडे पाहताना उमगते, काहींचे त्या हाताळताना. रेंज रोव्हरचे सौंदर्य तिच्यात बसून बाहेर पाहताना उमगते. १९७० साली इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्यातून ती बाजारात आली. तेव्हापासून तिच्या पाच पिढ्या झाल्या. इंजिने बदलली, मालक बदलले, किंमत तर भल्याभल्या श्रीमंतांनाही विचार करायला लावील इतकी वाढली. तरी यांतली कोणतीही पिढी रस्त्यावर समोर आली की नाव न वाचता ओळखू येते. ही ओळख कशात आहे आणि प्रत्येक पिढीने ती कितपत राखली, हे केवळ अश्वशक्तीच्या तक्त्यांतून कळत नाही. त्यासाठी गाडी कवितेसारखी, तपशिलाला तपशील जोडत वाचावी लागते.

सुरुवात अर्थातच पहिल्या पिढीपासून. रोव्हर कंपनीच्या स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड या दोन इंजिनिअरांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिची जुळवाजुळव केली. त्याच कंपनीची त्या काळची लँड रोव्हर शेतात, जंगलात, सैन्यात नाणावलेली होती. पण तिचे पाटे कडक होते आणि लांबच्या प्रवासात हाडे खिळखिळी होत. किंग यांनी पाटे काढून लांब हालचालीच्या कॉइल स्प्रिंगा घातल्या. खड्ड्याशी चाक खाली उतरले पाहिजे, उंचवट्याशी वर चढले पाहिजे, पण जमीन सुटता कामा नये. कारण जमिनीवरून सुटलेले चाक गाडी पुढे ढकलू शकत नाही. चिखलासाठी निवडलेल्या याच स्प्रिंगांनी डांबरी रस्त्यावर प्रवाशाला त्या काळच्या उंची मोटारींना शोभेल असा मऊपणा दिला.

पुढचा निर्णयही असाच दुहेरी फळाचा. गाडीत ३.५ लिटरचे, अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन होते. मूळ अमेरिकेतल्या ब्यूकचे हे इंजिन बनवण्याचे हक्क रोव्हरने मिळवले होते. त्याचा सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर टाकायचा तर तो अ‍ॅक्सल जाडजूड, जड करावा लागला असता. त्याऐवजी जोर कायमचा चारही चाकांत वाटला. त्यामुळे दोन्ही अ‍ॅक्सल तुलनेने हलके ठेवता आले. आणि स्प्रिंगेच्या खाली लोंबणारे वजन जितके कमी, तितका वरच्या माणसाला बसणारा दणका कमी. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. मागचा भाग ओझ्याने दबला तर तो आपोआप समपातळीवर आणणारी यंत्रणा होती. यांतली एकही गोष्ट ऐषआरामाच्या नावाखाली आलेली नाही, पण सगळ्यांची बेरीज आराम अशी झाली. पहिल्या रेंज रोव्हरचे मर्म मला इथे दिसते. तिची ऐष उपयोगाच्या पोटी जन्मली.

आतला भाग तर साधाच होता. व्हिनाइलची आसने, प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड, धुऊन काढता येईल अशी जमीन. दारे दोनच. किंमत १,९९८ पौंड. शेतावरून चिखलाच्या बुटांनी यावे आणि संध्याकाळी त्याच गाडीने शहरात जेवायला जावे, एवढीच अपेक्षा. पण चालकाच्या जागी बसले की वेगळेपणा जाणवतो. आसन उंच आहे आणि खिडकीची खालची कड, म्हणजे गाडीची कंबररेषा, त्या मानाने खाली आहे. काचेचे खांब बारीक आहेत. बॉनेटचे दोन्ही पुढचे कोपरे किंचित उचललेले आहेत. गाडी नेमकी कुठे संपते हे चालकाला आतून दिसते आणि दोन दगडांमधून वाट काढताना अंदाजावर विसंबावे लागत नाही. बॉनेट बाजूच्या पत्र्यांवरही उतरलेले असल्यामुळे समोरून गाडी रुंद, शांत दिसते. कंबररेषा पुढून मागे सरळ धावते. मागचे दार आडवे दुभागलेले आहे. वरचा अर्धा भाग वर जातो, खालचा अर्धा बाहेर आडवा पडतो आणि त्यावर माल टेकवता येतो, दोन माणसे बसू शकतात.

या सगळ्या रेषांना कारण आहे आणि एकही रेषा लक्ष वेधून घ्यायला धडपडत नाही. १९७१ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात औद्योगिक रचनेचा नमुना म्हणून ही गाडी मांडली गेली, यात मला नवल वाटत नाही. इंजिनिअरांनी चाचणीसाठी उभ्या केलेल्या कामचलाऊ सांगाड्याचेच प्रमाण रचनाकारांनी बव्हंशी राखले, कडा तेवढ्या सुधारल्या. ते प्रमाण मोडू नये हे ज्यांना कळले, त्यांच्या संयमाला मोठे श्रेय आहे.

या गाडीची परीक्षाही कठोर झाली. १९७१-७२ मध्ये मेजर जॉन ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्या नेतृत्वाखाली दोन रेंज रोव्हर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत गेल्या. वाटेत पनामा आणि कोलंबिया यांच्यामधले, रस्ता नसलेले दारिएनचे दलदली जंगल होते. तिथे दलदलीसाठी बसवलेल्या अवजड टायरांच्या भाराने डिफरन्शिअल तुटले, मोहीम अडकून पडली आणि दुरुस्तीनंतरच पुढे सरकली. हेही गुणदोषांच्या हिशेबात धरले पाहिजे. वजनाचा जो तोल किंग यांनी इतक्या काळजीने साधला होता, तो बाहेरून बिघडवला की यंत्र थांबते. पुढे १९७९ साली पहिल्याच पॅरिस-डकार शर्यतीत मोटारींमध्ये रेंज रोव्हर पहिली आली, आणि १९८१ साली पुन्हा.

पहिली पिढी १९९६पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे बनत राहिली. तिचे ऐषआरामी वाहनात झालेले रूपांतर याच काळातले. १९८१ साली चार दारे आली. दोन दारांची आकृती रेखीव खरी, पण तिच्यात मागे बसणाऱ्याला पुढचे आसन ढकलून वाकत शिरावे लागे. म्हणून चार दारांची गाडी मला मूळ विचाराशी अधिक प्रामाणिक वाटते. मग स्वयंचलित गिअर, लाकूड, चामडे, अमेरिकेची बाजारपेठ आणि १९९२ साली लांब चाकांतर (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) व हवेचे सस्पेन्शन आले. एवढे होऊनही खिडक्यांचे प्रमाण तसेच राहिले. आतली खोली सजली, पण तिच्या खिडक्या कुणी बुजवल्या नाहीत.

१९९४ साली आलेली दुसरी पिढी पाचांत सर्वांत दुबळी. तिच्या विद्युत यंत्रणेबद्दलच्या आणि हवेच्या सस्पेन्शनबद्दलच्या तक्रारी जगभर गाजल्या. पण माझा आक्षेप रूपाबद्दल आहे. पहिल्या पिढीचे गोल दिवे जाऊन चौकोनी आले, कोपरे बोथट झाले आणि चेहरा त्या काळच्या कुठल्याही सेडानला शोभेल असा झाला. तिच्यावर अन्याय मात्र करू नये. हवेचे सस्पेन्शन तिने प्रत्येक गाडीत आणले. महामार्गावर खाली बसणारी, खडकाळ वाटेवर उंच होणारी आणि माणसे चढताना आणखी खाली वाकणारी गाडी, ही तिची देणगी पुढच्या सगळ्या पिढ्यांनी घेतली. उंच बैठक आणि दुभागलेले दारही तिने सांभाळले.

तिसऱ्या पिढीपाशी मात्र थांबावे आणि सावकाश पाहावे. तिचा विकास बीएमडब्ल्यूच्या मालकीत झाला. २००० साली लँड रोव्हर कंपनी फोर्डकडे गेली, गाडी बाजारात आली ती त्यानंतर, आणि २००८ साली जग्वार व लँड रोव्हर या दोन्ही कंपन्या टाटा मोटर्सने घेतल्या. तीन मालकांच्या हाताखालून गेलेली ही गाडी एकसंध कशी राहिली, याचे उत्तर तिच्या सस्पेन्शनमध्ये सापडते. वेगळी चासी काढून टाकून सांगाडा आणि चासी एकजीव केली, आणि अखंड अ‍ॅक्सलऐवजी प्रत्येक चाक स्वतंत्र केले. रस्त्यावर याचा फायदा उघड आहे. खडकात मात्र नुकसान होण्याची भीती होती. अखंड अ‍ॅक्सलचा गुण असा की एक चाक दगडावर चढले की दुसरे आपसूक खाली दाबले जाते आणि जमीन धरते. स्वतंत्र चाकांना हे जमत नाही. म्हणून इंजिनिअरांनी डाव्या-उजव्या बाजूंच्या हवेच्या स्प्रिंगा एकमेकींना नळीने जोडल्या. खडबडीत जागी मधली झडप उघडते, दाबल्या गेलेल्या बाजूची हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि तिथले चाक खाली ढकलले जाते. जुन्या लोखंडी दांड्याचे काम हवेने केले. परंपरा पुढे नेण्याचे इतके सुंदर उदाहरण मोटारींच्या जगात मला दुसरे दिसत नाही. साधन टाकले, पण त्यामागचा हेतू जसाच्या तसा राखला.

बाहेरून पाहावे तर कंबररेषा पुन्हा सरळ आणि खाली, काचा भरपूर, कोपरे ठाम. आत लाकडाचे उभे खांब डॅशबोर्डला तोलून धरतात. या अंतर्भागाची प्रेरणा बोटींकडून घेतलेली होती. गाडी दोन टनांच्या बरीच पुढे गेली, हा तिचा दोष. पुढे जमिनीच्या प्रकारानुसार यंत्रणा जुळवून घेणारी फिरती कळ आली. चिखल, वाळू, खडक यांपैकी एक निवडले की इंजिन, गिअर आणि ब्रेक त्याप्रमाणे वागू लागतात. पूर्वी हे ज्ञान चालकाच्या हातापायांत असे. ते यंत्रात गेल्याने थोडी कला गेली, पण नवशिक्या माणसालाही कठीण वाट सुखरूप पार करता आली. हा सौदा मला मान्य आहे.

२०१२ साली आलेल्या चौथ्या पिढीने वजनाचा दोष धरून सुधारणा केली. अ‍ॅल्युमिनियमच्या एकजीव सांगाड्याची ही पहिली एसयूव्ही. काही इंजिनांच्या बाबतीत गाडी आधीपेक्षा ४२० किलोपर्यंत हलकी झाली. पाण्यातून जाण्याची क्षमता ९०० मिलिमीटरवर गेली. त्यासाठी इंजिनाला लागणारी हवा बॉनेटच्या कडेच्या फटीतून, उंचावरून ओढलेली आहे. बॉनेटची जी रेघ आपण शोभेची म्हणून पाहतो, तीच पुरात इंजिनाला श्वास देते. पण याच गाडीच्या पुढच्या दारांवर उभ्या कल्ल्यांसारख्या पट्ट्या आहेत, आणि त्या नुसत्या शोभेच्या आहेत. त्यांतून हवा जात नाही. प्रत्येक रेषेला कारण असलेल्या घराण्यात ही कारणाविना आलेली रेषा मला खटकते. समोरची काच अधिक कललेली आहे आणि छत मागे उतरते. त्यामुळे रूप डौलदार झाले, पण आतल्या माणसाच्या वाट्याचे आकाश थोडे कमी झाले.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सादर झालेली पाचवी पिढी पाहताना प्रथम मनात येते ती तिची स्वच्छता. काच आणि पत्रा यांच्यामधला सांधा जवळजवळ दिसत नाही. मागचे दिवे पेटेपर्यंत काळ्या पट्टीत लपलेले असतात. मागची चाके ७.३ अंशांपर्यंत वळतात. त्यामुळे पाच मीटरहून लांब गाडी अकरा मीटरच्या आत वळते. पहिली पिढी साडेचार मीटरही नव्हती आणि तिचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास होते, ही तर अडीच टनांच्या घरात. एवढा आकार इतका शांत दिसावा, हे रचनाकारांचे खरे कौशल्य. तीच सरळ कंबररेषा, तेच काचांवर तरंगल्यासारखे दिसणारे छत, तेच दुभागलेले दार. आणि त्या दाराच्या आडव्या पडलेल्या भागावर बसण्यासाठी आता हव्या असल्यास गाद्याही मिळतात.

तरी माझे मन इथे अडते. या पिढीतली ऐष बाहेरचे जग दूर ठेवण्यात आहे. आसनांच्या डोक्याकडचे छोटे ध्वनिक्षेपक चाकांचा आवाज पुसून टाकतात, मागच्या काचा गडद केल्या जातात, मागे बसणाऱ्यासमोर स्क्रीनचे पडदे असतात. पहिल्या गाडीने माणसाला उंचावर बसवले ते जमीन नीट दिसावी म्हणून. आताची उंची पुष्कळदा प्रतिष्ठेची वाटते. स्वतः किंग यांनी २००४ साली अशा गाड्या मुलांना शाळेत सोडण्यासाठी शहरात फिरवण्यावर जाहीर टीका केली होती. ती कठोर होती, पण ज्याने वस्तू घडवली त्याला तिचे प्रयोजन हरवलेले सहन झाले नाही, हे समजून घेतले पाहिजे.

२०२४ च्या मे महिन्यात कंपनीने रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात करण्याचे जाहीर केले. चोपन्न वर्षांत ब्रिटनबाहेर तिची जुळणी होण्याची ही पहिलीच वेळ असल्याचा कंपनीचा दावा होता. इतक्या निगुतीच्या गाडीवर पुण्याच्या कामगारांचा हात लागावा, याचा मला मनापासून आनंद आहे. इथे जुळवली जाते ती लांब चाकांतराची आवृत्ती, कारण आपल्याकडे अशा गाडीचा मालक बहुधा मागे बसतो. याचा अर्थ, ज्या आसनासाठी ही सगळी गाडी रचली गेली, तिथे पगारी चालक असतो आणि मालकाला तिचा उत्तम गुण कधी अनुभवताच येत नाही. मालकांना माझे सांगणे आहे, अधूनमधून पुढे बसा. स्वतः चालवा.

मूल्यमापन करायचे तर विचारासाठी मी पहिली पिढी सर्वांत वर ठेवीन, कारागिरीसाठी चौथी आणि पाचवी. पण विचार आणि कारागिरी यांचा तोल मला तिसऱ्या पिढीत सर्वाधिक सापडतो. एकच निवडायची असेल तर ती. पुढच्या पिढीकडून अपेक्षाही आहे. गाडी मुळापासून विजेवर रचली तर पुढे अवजड इंजिन राहणार नाही, बॉनेट खाली आणता येईल आणि बॅटरी तळाशी गेल्याने बैठक आपोआप उंच होईल. अर्ध्या शतकापूर्वी चिखलाच्या गरजेतून आराम निघाला, तसा विजेच्या गरजेतून काचेचा मोकळेपणा परत मिळवता येईल. रचनाकारांनी ही संधी घेतली, खांब बारीक केले आणि कंबररेषा खाली उतरवली, तर सहावी पिढी पहिल्या पिढीची खरी वारस ठरेल. केवळ पडदे वाढवले, तर नाव तेवढे उरेल.