प्रवेश आईबापांचा

आपल्या बोलण्यात अलीकडे एक चमत्कारिक प्रयोग रूढ झाला आहे. शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या दोन आयांचे बोलणे ऐकावे. "आमची सोमवारपासून परीक्षा आहे," असे एक म्हणते. "आमचं तर गणितच कच्चं राहिलंय," असे दुसरी म्हणते. व्याकरणात ह्या 'आमची'ला काय नाव द्यावे कोण जाणे. वर्गात सर्वनामे शिकवताना मी तरी हे उदाहरण देत नाही. परंतु ह्या शब्दात केवळ माया आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्या शाळांची फी लाखांत मोजतात, तेथे परीक्षा खरोखरच आईबापांची असते, आणि मूल हे त्यांच्या हातातले प्रगतिपुस्तक असते.

साकेत चौधरींनी दिग्दर्शित केलेला आणि २०१७ साली पडद्यावर आलेला 'हिंदी मीडियम' हा बोलपट ह्याच परीक्षेवर बेतलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब पाहावा असा तो आहे, आणि मी तो दोनदा पाहिला. हसण्यासारखे त्यात पुष्कळ आहे. मात्र दुसऱ्या खेपेस माझे लक्ष वारंवार त्यातल्या लहान मुलीकडे जाऊ लागले, आणि ती काही बोलेल म्हणून मी वाट पाहत राहिले.

कथा दिल्लीतली. राज बत्रा हा चांदनी चौकातला कपड्यांचा व्यापारी. नामांकित कारागिरांच्या महागड्या पोशाखांच्या नकला विकून त्याने बक्कळ पैसा मिळवला आहे. पैशाला तोटा नाही. तोटा आहे तो इंग्रजीला. त्याची बायको मीता हिला मात्र आपली पिया दिल्लीतल्या पहिल्या प्रतीच्या शाळेतच जावी असा ध्यास लागलेला. शाळा जवळ असावी म्हणून बिऱ्हाड उचलून वसंत विहारात न्यायचे, तिथल्या शेजाऱ्यांत मिसळायचे, प्रवेश मिळवून देणाऱ्या एका बाईंची शिकवणी लावायची! ही शिकवणी पियाची नव्हे, तिच्या आईबापांची. कसे बसावे, काय ल्यावे, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर द्यावे, हे सारे त्या बाई घोकून घेतात. एवढे करूनही मुलाखतीत घोडे अडतेच. मग गरिबांसाठी राखून ठेवलेल्या जागांचा रस्ता त्यांना दिसतो. खोटे कागद होतात, आणि कोणी चौकशीला आलेच तर पकडले जाऊ नये म्हणून हे मोटारवाले कुटुंब एका गरीब वस्तीत येऊन राहते. तेथे श्यामप्रकाश नावाचा शेजारी ह्या नवख्यांना गरिबी कशी करावी हे शिकवतो. पाण्याच्या रांगेत कसे भांडावे आणि रेशनच्या दुकानात कसे टिकावे, ह्याचेही एक शास्त्र असते.

ह्या रचनेतले मर्म सुरेख आहे. नवराबायकोंना दोन गुरू भेटतात. एक श्रीमंती शिकवतो, दुसरा गरिबी. दोन्ही शिकवण्यांत जिवाचे रान करतात ती मोठी माणसे. लेखकाला हे उमगले होते ह्याबद्दल मला शंका नाही. बोलपटाचा पूर्वार्ध इतका झणझणीत झाला आहे तो त्यामुळेच.

येथे एक वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. ज्या मुलाखतीवर आपण खदखदून हसतो, ती कायद्याने गुन्हा आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. शाळेत घेताना मुलाची किंवा त्याच्या आईबापांची कसलीही चाळणी लावता येणार नाही, असे त्याचे तेरावे कलम सांगते. पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड, पुढे दर खेपेस पन्नास हजारांपर्यंत. मग ह्या शाळांना दंड का होत नाहीत? कारण तक्रार करायची कोणी? आत घुसू पाहणारा तोंड उघडत नाही, आणि आत गेलेल्याला तोंड उघडण्याचे कारण उरत नाही. शेजाऱ्याचे मूल बाहेर राहिले ह्यात आपल्या मुलाच्या जागेची किंमत वाढलेली असते. स्पर्धा ही नुसती मनाची खोड नाही, शाळेच्या दाराला लावलेली ती कडी आहे. बोलपटाचा रोख इकडे वळता तर त्याची धार कितीतरी वाढली असती. परंतु तो मुलाखतीतल्या फजितीवर थांबतो, आणि आपणही राजच्या इंग्रजीला हसून मोकळे होतो.

मला ह्या ठिकाणी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आठवते. १९५५ सालच्या त्या कादंबरीतला कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत जातो तेव्हा शाळेत चिटपाखरू नसते. पोरे मिळवण्यासाठी त्यालाच माणसांचे मन वळवावे लागते. वाडीने मास्तरची मुलाखत घ्यावी, असा तो काळ. आता पायरीवर उभे कोण आहे ते पाहावे.

उत्तरार्धात मात्र लेखकाचे धैर्य खचते. पियाला राखीव जागा मिळते. श्यामप्रकाशच्या मोहनला मिळत नाही. म्हणजे श्रीमंताच्या मुलीने गरिबाच्या मुलाची जागा घेतली. हा प्रसंग केवळ पडद्यावरचा नाही. खाजगी शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्यात हे कलम एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले, तरी त्याभोवतीची ओढाताण थांबली नाही. आपल्या महाराष्ट्रातच फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलला गेला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळेला ह्या जागांतून सूट. त्याच वर्षीच्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तेव्हा मोहनची गोष्ट आपल्या दारातली आहे. असे असता बोलपट तिचे काय करतो? राजला पश्चात्ताप होतो, आणि तो जवळच्या सरकारी शाळेला पैसे देतो. भिंती रंगतात, बाके येतात, मुले फडाफड इंग्रजी बोलू लागतात! पैशाने जे बिघडवले ते पैशानेच दुरुस्त झाले. श्यामप्रकाश तर इतका भला रंगवला आहे, की शेजाऱ्याच्या मुलीच्या शाळेचे पैसे उभे राहावेत म्हणून तो स्वतः मोटारीपुढे उडी घेतो. गरिबाला इतके थोर केले की त्याच्या रागाला तोंड देण्याची जबाबदारी टळते. दीपक डोब्रियाल ह्या नटाने ती भूमिका जिवंत केली आहे हे खरे. पण लेखकाची पळवाट नटाने झाकावी हे काही बरे नव्हे.

आणि पिया? तिला चांदनी चौकातून वसंत विहारात नेले, तेथून वस्तीत, तेथून मोठ्या शाळेत, आणि अखेर बापाला उपरती झाली म्हणून सरकारी शाळेत. इतक्या वेळा तिचे जग उचलून दुसरीकडे ठेवले, परंतु तिला काय वाटले हे कोणी विचारीत नाही, आणि बोलपटही विचारीत नाही. जे आईबाप तिला ऐकत नाहीत त्यांची थट्टा करणारा लेखक स्वतः तिला ऐकत नाही. माझी मुख्य तक्रार ही आहे. कादंबरी लिहिताना मलाही ठाऊक आहे, की लहान मूल लिहिणे अवघड. त्याला झोपी घालून मोठ्यांचे संवाद लिहिणे सोपे.

अवघड असले तरी अशक्य नाही. अमेरिकेत येल विद्यापीठात कायदा शिकवणाऱ्या एमी चुआ ह्या चिनी वंशाच्या बाईंनी २०११ साली आपल्या मातृत्वाची हकिकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. स्वतःला त्या वाघीण म्हणवतात. पोरींनी मैत्रिणींकडे रात्री राहायला जायचे नाही, वर्गात पहिल्या श्रेणीखाली यायचे नाही, वाद्य वाजवायचे तर पियानो नाही तर व्हायोलिन. तासन्‌तास सराव, धमक्या, मुलीने हाताने केलेले वाढदिवसाचे कार्ड "ह्यात मेहनत नाही" म्हणून परत करणे! वाचताना अंगावर काटा येतो. पुस्तकावर जगभर वादळ उठले आणि थोरल्या मुलीने वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहून आईची बाजू घेतली. तथापि पुस्तकाचा प्राण धाकटीत आहे. ही तेरा वर्षांची ल्यूलू मॉस्कोच्या एका उपाहारगृहात आईच्या तोंडावर सारा संताप ओकते आणि काचेचा पेला जमिनीवर आपटते. तेथे वाघीण हरते, आणि ती हार तिनेच लिहून ठेवली आहे. बाईंची रीत मला मान्य नाही, परंतु लेखिका म्हणून त्यांनी मुलीला बोलू दिले.

कडकपणा परदेशातूनच आला असेही कोणी समजू नये. साने गुरुजींच्या १९३५ सालच्या 'श्यामची आई'तली ती पोहण्याची रात्र आठवावी. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला आई मारते आणि विहिरीवर पाठवते. माझ्या मुलाला भित्रा म्हणून कोणी नावे ठेवू नयेत हा तिचाही हेतू आहेच. लोकांत आपले मूल कमी दिसू नये ही चिंता कोकणातल्या त्या दरिद्री घरातही होती. ती मार देते आणि तिचेच डोळे भरतात. हे आपल्याला कळते, कारण सांगणारा श्याम आहे. मार खाल्लेल्याच्या तोंडून मारणारीची कणव ऐकायला मिळते. आईने स्वतःच ही गोष्ट सांगितली असती, तर ती आपल्याला कदाचित थोडी वाघीणच वाटली असती.

मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'तही बोलतो तो नववीतला मुकुंद जोशी. ती मात्र साध्या गावातली साधी शाळा. लाखांची फी, वातानुकूलित बस आणि गणवेशावरचे लॅटिन बोधवाक्य ह्यांच्या आतून बोलणारा मुलगा मराठीत अजून माझ्या वाचनात आलेला नाही. अशी मुले आता कमी नाहीत, आणि त्यांतली पुष्कळशी मराठी घरांतली आहेत. त्यांतले कोणी पुढे लिहिते झाले, तर कोणत्या भाषेत लिहील हा प्रश्न निराळा. तोवर 'हिंदी मीडियम' पाहावा तो मुख्यतः इरफान खानसाठी. २०२० साली तो गुणी नट गेला. शाळेच्या दिवाणखान्यात, नव्या कोटात अवघडून बसलेला त्याचा राज उत्तर आठवीत असताना ओठांतल्या ओठांत काही पुटपुटतो. त्याला इंग्रजी शब्द सापडत नाही, हिंदी शब्द वापरायची बंदी आहे, आणि तो बायकोकडे असा पाहतो, की पाढा विसरलेले माझ्या वर्गातले कोणतेही पोर आठवावे.