‘सर्व संबंधितांस’ : माहितीपर मुद्रिताचा अभिप्रेत वाचक

माहितीपर मुद्रित मजकूर वाङ्मयबाह्य ठरवून मराठी समीक्षा सहसा त्याच्या वाटेला जात नाही. वस्तुतः ईझरने मांडलेली अभिप्रेत वाचकाची संकल्पना अशा मजकुरात जितकी उघडपणे पडताळता येते, तितकी कादंबरीतही येत नाही. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाभोवतीचा मुद्रित व्यवहार या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश राज्यभाषेत उपलब्ध करावा लागतो. म्हणजे युक्तिवाद इंग्रजीत आणि निष्कर्ष मराठीत, ही विभागणी नियमातच गृहीत आहे. नागपूरच्या ‘नीरी’ने तयार केलेल्या अहवालावर १६ मे २०१० रोजी माडबन येथे सुनावणी झाली. मराठी प्रती वेळेत मिळाल्या नाहीत, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. तक्रार गंभीर खरीच. परंतु प्रती वेळेत मिळाल्याने मूळ प्रश्न सुटला नसता. सारांशात विधाने येतात, त्यांचे आधार येत नाहीत. अशा वाचकाला मान्य करता येते किंवा नाकारता येते. तपासता येत नाही. आणि त्याच्या नकाराला ‘गैरसमज’ म्हणणे मग सोपे जाते. शेजारच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले, तेव्हा मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला होता. दोन्ही भाषा जाणणाऱ्याला तो निदान ताडून पाहता येत होता.

साखरी नाट्याची गोष्ट याहून निराळी. भूसंपादन सुमारे ९३८ हेक्टरांचे, तेही माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली या बाजूचे. जैतापूर खाडीच्या उत्तरेकडील या मच्छीमार वस्तीची जमीन गेली नाही. तिची चिंता समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची होती. समुद्राला सातबारा नाही, त्यामुळे ‘प्रकल्पग्रस्त’ या संज्ञेत तिला जागा मिळणे अवघड. ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते’ या सरकारी वाक्यात कर्ता लोपलेला असतो, हे व्याकरणाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक आहे. त्यातील ‘संबंधित’ कोण, हे तोच लुप्त कर्ता ठरवतो, याकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही.

२८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटींसह पर्यावरणीय मंजुरी मिळाली. १८ एप्रिल २०११ रोजी नाटे पोलिस ठाण्यावर मोर्चा चालून गेला, गोळीबारात एक मच्छीमार मारला गेला. माहितीपत्रांना ज्यांच्यासाठी संबोधन सापडले नव्हते, त्यांना त्या दिवसापुरती एक सामूहिक संज्ञा मिळाली : जमाव.